खोटं बिल मात्र पाठवू नका

पत्र : नमस्कार ताई. मी चोपडा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. तीन वर्षांपासून क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचा नाद लागला आहे. चार कार्डं आहेत. माझ्या शालकाचं धरणगावकडे कृषी केंद्र आहे आणि त्याच्याकडे कार्डाचं मशीन आहे. दर महिन्याला मी तिथे ऐंशी-नव्वद हजार घासतो. दोन दिवसांनी तो तेवढेच पैसे मला यूपीआयने परत पाठवतो आणि मी बिल भरून टाकतो. एक दिवस उशीर नाही, एक रुपया व्याज नाही. याच पॉइंटांवर आईवडिलांना विमानाने तिरुपती करून आणलं. वडिलांचं चार एकर कापसाचं वावर आहे, त्याचं बी-खतही तिथूनच कार्डावर घेतो. आता बँकेचा मेल आलाय की कार्डाचा वापर वैयक्तिक खरेदीसाठी होत नसल्याचं दिसतं, १५ दिवसांत खुलासा आणि बिलं पाठवा, तोवर पॉइंट गोठवले आहेत. २ लाख १० हजार पॉइंट अडकलेत. एक मित्र म्हणतो, शालकाकडून मागच्या तारखांची बिलं करून घे आणि दे पाठवून. दुसरा म्हणतो, बाकीच्या तीन कार्डांवरचे पॉइंट आधी उडव. माझा पगार याच बँकेत येतो आणि दिवाळीनंतर जळगावला घरासाठी कर्ज काढायचं आहे. मी कुणाचेही पैसे बुडवलेले नाहीत. हा गुन्हा आहे का? काय करू?

उत्तर : भाऊ, पंधरा दिवसांपैकी किती उरलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून घाईचं तेवढं आधी सांगते. मागच्या तारखांची बिलं करून घेऊ नका. घेतली असतील तर पाठवू नका. बाकी सगळं निस्तरण्यासारखं आहे, हे एक नाही.

आतापर्यंत तुम्ही जे केलंत तो बँकेशी केलेल्या कराराचा भंग आहे. कार्ड घेताना ज्या अटींवर आपण न वाचता सही करतो, त्यांत हे कार्ड वैयक्तिक वापरासाठी आहे, व्यापारासाठी नाही, असं लिहिलेलं असतं. गैरवापर दिसला तर पॉइंट रद्द करायचा आणि कार्ड बंद करायचा हक्क बँक राखून ठेवते, हेही त्यातच असतं. या पातळीवर बँक बहुधा पॉइंट कापते, कार्ड काढून घेते आणि विषय संपवते. पण तुम्ही खोटी बिलं जोडलीत की प्रकरणाची जातच बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे आणि बनावट दस्तऐवजासाठी ३३६. आणि हे तुमच्यापुरतं राहत नाही. माल न देता बिल फाडणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १२२ खाली दंडाचा विषय आहे आणि कलम १३२ मध्ये तो गुन्हा म्हणूनच नोंदलेला आहे. तिथे नाव तुमच्या शालकाचं येईल, कारण बिल त्याच्या दुकानाचं असेल.

मित्राला हे सोपं वाटतं, कारण त्याने कृषी केंद्राचं काउंटर आतून पाहिलेलं नसावं. तिथे मशीन एक नसतं, दोन असतात. एक कार्डाचं. दुसरं सरकारी ई-पॉस, ज्यावर शेतकऱ्याची ओळख, सहसा आधार आणि अंगठा घेऊन, पटवल्याशिवाय अनुदानाच्या खताची विक्री नोंदवता येत नाही. कुठल्या दुकानातून किती युरिया गेला आणि किती शिल्लक आहे, याचा हिशेब तिथे बसतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. तुम्ही एका फटक्यात ४८ हजार घासले असतील तर त्या पैशांत १८० गोण्या होतात. चार एकर कापसाला १८० गोण्या युरिया कुणी टाकत नाही आणि ई-पॉसवर तेवढे अंगठेही सापडणार नाहीत. मग बिल कशाचं दाखवणार, औषधाचं? त्यावर जीएसटी लागतो, तो भरावा लागेल. दुकानाची मागच्या महिन्यांची विवरणपत्रं कधीच गेलेली आहेत, बिलांचे क्रमांक ओळीने लागलेले आहेत, मधेच नवं बिल घुसवायला जागा नाही. एक खोटं झाकायला शालकाला पाच ठिकाणी खोटं लिहावं लागेल.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, त्याकडे येते. “मी कुणाचेही पैसे बुडवलेले नाहीत.” बँकेचं मुद्दल तुम्ही बुडवलं नाहीत, खरं आहे. पण तुम्हीच लिहिता की शालक “तेवढेच” पैसे परत पाठवतो. कार्डाच्या मशीनवर दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. साधारण दोन टक्के कापले जातात आणि त्या कपातीवर वर १८ टक्के जीएसटी. महिन्याला ८५ हजार धरले तर १,७०० अधिक ३०६, म्हणजे २,००६ रुपये. वर्षाला चोवीस हजारांच्या वर. हे कोण सोसतंय? तुमचा शालक सोसतोय, आणि खताच्या गोणीमागे दुकानदाराला सुटतं ते मोजकंच. आपल्याकडे बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. दाजींनी कार्ड पुढे केलं की तो मशीन काढणारच, आणि कपातीचं तोंडातून काढणार नाही. तुम्हाला कुणी हे सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते आहे. तिरुपतीच्या तिकिटांतला मोठा वाटा त्याच्या गल्ल्यातून गेलेला आहे.

आणि हिशेब पुढे नेला तर फायदाही तुम्हाला वाटतो तेवढा उरत नाही. कार्डावरचा पॉइंट वस्तू घेतल्या तर वीस-पंचवीस पैशांचा असतो, विमानाच्या तिकिटाला काही कार्डांवर रुपयाचा पडतो. अडीच टक्के परतावा धरला तर ८५ हजारांवर २,१२५ रुपये. त्यातून कपात वजा केली की सव्वाशेसुद्धा उरत नाहीत. वर्षभरात ठरावीक खर्चाचा टप्पा गाठल्याचा बोनस मिळतो तेव्हाच हे गणित जमतं, आणि लोक नेमके त्या टप्प्यासाठी वर्ष संपत आलं की कार्ड घासत सुटतात. हे मार्च-एप्रिलमध्ये आलं तर कृषी केंद्रात तेव्हा शुकशुकाट असतो. कापसाच्या बियाण्याची गर्दी मे-जूनमधली. ज्या महिन्यांत दुकानात गिऱ्हाईक नाही, त्या महिन्यांत एकाच कार्डावर सर्वांत मोठे व्यवहार दिसले तर ते कुणालाही खटकेल.

बँकेला कळलं कसं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते समजून घ्या म्हणजे “पुढच्या वेळी जरा जपून” हा विचार डोक्यात येणार नाही. प्रत्येक मशीनला क्रमांक असतो आणि प्रत्येक दुकानाला व्यवसायाचा चार आकडी कोड. वॉलेट भरलं की ६५४०, घरभाडं ६५१३, सराफ ५९४४. एकच कार्ड, तेच मशीन, गोल रक्कम, बिलाची तारीख उलटली की लगेच दुसऱ्या दिवशी, एवढं पुरेसं असतं. तुमच्या बाबतीत त्याहून सोपी खूण आहे. घासलेले पैसे दोन दिवसांनी त्याच दुकानदाराकडून तुमच्या पगाराच्या खात्यात परत येतात, आणि ते खातं याच बँकेत आहे. दोन्ही टोकं बँकेच्या एकाच पडद्यावर दिसतात.

वाट कितीही चांगली सापडली तरी ती बुजते, हे या नादातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. अमेरिकेत सरकारी टांकसाळीने २००८ मध्ये एक डॉलरची नाणी चलनात रुळावीत म्हणून दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच द्यायला सुरुवात केली. लोकांनी कार्डावर पेट्याच्या पेट्या मागवल्या, त्या तशाच बँकेत नेऊन भरल्या, त्याच पैशांतून कार्डाचं बिल फेडलं आणि विमानाचे मैल, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट, जमवले. २०११ च्या जुलैत टांकसाळीने त्या नाण्यांसाठी क्रेडिट कार्ड घेणंच बंद केलं. आपल्याकडे ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखाच्या खर्चावर २५ हजार पॉइंट मिळायचे, ते १ सप्टेंबर २०२३ पासून थांबले. मित्राला “घरभाडं” पाठवून पैसे फिरवायची पद्धत होती. त्यावर बँकांनी आधी एक टक्का शुल्क लावलं, आणि रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरांचे, म्हणजे दुकानदारांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्यांचे, नियम काढल्यावर मोठ्या ॲपनी ती सोयच काढून टाकली. नाणी मागवणाऱ्यांनी निदान खरोखर काही विकत घेतलं होतं. शालकाच्या दुकानात तुम्ही नुसत्या घासून परत घेतलेल्या पैशांवर एक पुडीसुद्धा बाहेर पडलेली नाही, म्हणून तुमची बाजू त्यांच्यापेक्षा कच्ची आहे.

आता खुलाशाचं. वडिलांच्या वावरासाठी घेतलेलं बी-खत ही खरी खरेदी आहे. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, खत, फवारणीचं औषध, ज्याची ज्याची खरी पावती घरात किंवा दुकानाच्या वहीत आहे, ती सगळी काढा आणि तारखेनुसार लावून पाठवा. हे लपवायची गरज नाही. दुकान नात्यातलं आहे हेही स्वतःहून लिहा. उरलेल्या व्यवहारांबद्दल गोष्ट रचू नका. हे व्यवहार वैयक्तिक खरेदीचे नव्हते, ते मी थांबवले आहेत, पुढे होणार नाहीत, एवढं लिहिलं की बस. “आजारपण होतं”, “मित्राला मदत केली” असलं काही जोडू नका, कारण पुढचा मेल त्याचा पुरावा मागणारा येतो. आणि पाठवण्याआधी ते पत्र शालकाच्या सीएला दाखवा. तुमच्या खुलाशात त्याच्या दुकानाचं नाव येणार आहे आणि त्याला अंधारात ठेवून ते जाऊ नये. ज्या बँकेने त्याला कार्डाचं मशीन दिलं आहे, तिने मशीन काढून नेलं किंवा त्याच्या खात्यावर जमा होणारे पैसे अडवले, तर ऐन हंगामात त्याचं दुकान अडेल. तुमचे पॉइंट गेले तर तुमचं एक तिकीट जाईल. या दोन नुकसानांची बरोबरी नाही, आणि तुमच्या पत्रात काळजी फक्त पहिल्याचीच आहे.

खुलासा जाईपर्यंत कार्डाचं बिल पै न पै भरा, मुदतीच्या आत. माणसं इथेच हमखास चुकतात. पॉइंट अडकवले म्हणून रागाने बिल थांबवतात, मग महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्यावर जीएसटी सुरू होतो, आणि ज्या सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या तुमच्या नोंदीला, आतापर्यंत धक्का लागला नव्हता त्याला डाग लागतो. बँकेने अटीभंगासाठी कार्ड बंद केलं तर अहवालात खातं बंद झालेलं दिसतं, तुम्ही पैसे थकवले असं त्यावरून होत नाही. थकबाकी राहिली किंवा तडजोडीने मिटवली, तर मात्र ते वर्षानुवर्षं दिसतं.

पगाराच्या खात्याबद्दल तुमची धास्ती समजते. कार्डाचे पॉइंट हा एक व्यवहार आहे आणि बचत खातं हा दुसरा. देणं पूर्ण चुकतं असेल तर पगाराला हात लावायचं बँकेला सहसा कारण नसतं. देणं राहिलं तर ते खात्यातून वळतं करून घ्यायचा मार्ग बँकेकडे असतो. बिल आधी भरा म्हणते ते यासाठीही.

तुमच्या हक्काचंही थोडं सांगते, कारण चूक झाली म्हणून बँकेने काहीही करावं असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार कार्ड अडवलं किंवा त्यावरच्या सवलती काढल्या, तर ते कारणासह लगेच कळवावं लागतं. तुम्ही स्वतः कार्ड बंद करायला सांगितलं आणि बाकी काही देणं नसेल, तर कामाच्या सात दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. खात्यात तुमचे जादा भरलेले पैसे असतील तर ते परत मिळाले पाहिजेत. यातलं काही झालं नाही, किंवा वावराच्या खऱ्या खरेदीचेही पॉइंट सरसकट कापले, तर बँकेत लेखी तक्रार करा, ३० दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सगळेच २ लाख १० हजार परत द्या म्हणून मात्र तिथे जाऊ नका. बँकेने दिलेलं कारण खरं आहे.

दुसऱ्या मित्राचा सल्लाही मला पटलेला नाही. बाकीच्या तीन कार्डांवर रोजच्या खर्चाचे जे पॉइंट आहेत ते तुमचे आहेत, ते कुठे पळून जात नाहीत. शालकाच्या मशीनवर घासून मिळवलेले घाईने उडवलेत आणि उद्या त्या बँकेनेही विचारलं, तर तिकिटाची किंमत ती कार्डावर नावे टाकू शकते. आणि घाईने उडवलेले पॉइंट बघून तुमच्या मनात काय होतं ते कुणालाही कळेल. ते तसेच राहू द्या. तिन्ही कार्डांवरचं घासणं मात्र आजपासून बंद. स्वतःच्या नावाने दुकानदाराचा क्यूआर काढून, तो स्कॅन करून रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवर पैसे भरायचा मार्गही कुणीतरी सुचवेल. तो हाच प्रकार आहे, फक्त मशीनशिवाय.

घराच्या कर्जाची घाई करू नका. कर्जाच्या टेबलावरचा माणूस सिबिलचा आकडा बघतो, तसंच खात्याचं स्टेटमेंटही ओळ न ओळ बघतो. त्यात एका कृषी केंद्राकडून दर महिन्याला ऐंशी-नव्वद हजार येताना दिसले की तो विचारणार, हे उसने आहेत की उत्पन्न? उत्पन्न असेल तर विवरणपत्रात का नाही? शिवाय एका आर्थिक वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त कार्डबिल भरलं गेलं, रोखीने असेल तर १ लाख, की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. तुमचं घासणं आणि घरखर्च मिळून तो आकडा ओलांडला गेला असू शकतो. आपलं वार्षिक माहिती विवरण उतरवून बघा, म्हणजे खात्याला काय दिसतंय ते तुम्हालाही दिसेल. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा. चार कार्डांची मर्यादा मिळून सहा लाख असेल आणि तीन लाखांचं हे कार्ड गेलं, तर तोच ९० हजारांचा खर्च पंधरा टक्क्यांवरून तीस टक्के वापर दिसू लागतो आणि आकडा थोडा खाली येतो. खर्च कमी ठेवला की तो परत वर येतो. माझं मत विचाराल तर दिवाळीनंतर लगेच नको. घासणं थांबल्यावर सहा महिन्यांचं स्वच्छ स्टेटमेंट हातात आलं की अर्ज करा. जळगावातलं घर सहा महिने थांबेल. नाकारलेला अर्ज अहवालात चौकशी म्हणून राहतो आणि दुसऱ्या बँकेलाही तो दिसतो.

पॉइंट जमवण्यात मला काही वाईट दिसत नाही. विम्याचा हप्ता, मुलांची फी, पेट्रोल, दसऱ्याला सराफाकडे जे सोनं खरंच घ्यायचं आहे ते, हे सगळं कार्डावर करा, त्या त्या कार्डावर त्याला पॉइंट आहेत का ते आधी वाचा, आणि वर्षाअखेरीला आईवडिलांना परत कुठे न्यायचं असेल तर न्या. ते मनमोकळेपणाने सांगताही येईल.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. तुमच्या पत्नीला हे माहीत आहे का? तिच्या भावाच्या दुकानाचा प्रश्न आहे. तिला आजच सांगा आणि या रविवारी दोघं मिळून धरणगावला जा. बँकेचा मेल शालकाला वाचून दाखवा, सीएची वेळ घ्या. तीन वर्षांत मशीनची किती कपात झाली ते त्याच्या स्टेटमेंटमधून काढून घ्या आणि ती रक्कम त्याला परत करा. तो “दाजी, राहू द्या” म्हणेल. तरी करा, पण आणखी एक न सांगता येणारी नोंद होऊ नये म्हणून ती कोणत्या खात्यात आणि कशी दाखवायची हे आधी सीएला विचारून घ्या.